मोदक आणि पॅराडाइम

हल्ली कुठल्याही प्रशिक्षणवर्गाला जा, चहाच्या आधी 'पॅराडाइम शिफ्ट' झालेली असते. चहानंतर सगळे पूर्ववत, ही गोष्ट वेगळी. शब्द एवढा भारदस्त, की ऐकणाऱ्याला अर्थ विचारायची लाज वाटते. बोलणाऱ्याला तो बहुधा त्याचसाठी आवडतो.

शब्द मूळचा ग्रीक. अर्थ साधा: पुढ्यात ठेवलेला नमुना. म्हणजे आपला कित्ता! गुरुजींनी वळणदार अक्षर काढून द्यायचं, आपण त्याखाली गिरवायचं. व्याकरणातही तेच. 'राम' शब्द एकदा चालवून दाखवला, की त्याच्यामागं देव चालतो आणि मोदकही चालतो.

पुढं १९६२ साली थॉमस कून या अमेरिकी गृहस्थांनी वैज्ञानिक क्रांतीवरच्या पुस्तकात हा शब्द घेतला. त्यांचं म्हणणं, शास्त्रज्ञही एकेक कित्ताच गिरवत असतात. उत्तरं फारच जुळेनाशी झाली, की एक दिवस कित्ता बदलतो. सूर्य तोच, कोपर्निकसच्या आधी तो फिरत होता, नंतर पृथ्वीला फिरावं लागलं. मार्गारेट मास्टरमन या विदुषीनं त्या एकाच पुस्तकात या शब्दाचे निदान २१ अर्थ मोजून दाखवले. बाई आमच्याकडं ऑडिटला आल्या असत्या, तर शाखेची झोप उडाली असती!

पण आम्हा पाचोडकरांना अमेरिकेपर्यंत जायचं कारण नाही. आमचं तालुक्याचं गाव पैठण. तिथल्या सातवाहन राजाची गोष्ट अकराव्या शतकातल्या सोमदेवानं 'कथासरित्सागरा'त सांगितली आहे. जलक्रीडा चालली होती. राणी दमली आणि 'मोदकैः' असं काहीसं म्हणाली. म्हणजे 'मा उदकैः', पाणी मारू नका. (पाणी पुरे म्हणणारं माणूस पैठण तालुक्यात त्यानंतर कुणी पाहिलं नाही.) राजाला संधी सुटला नाही. त्यानं तत्परतेनं मोदक मागवले!

आता बघा, राजाचं प्रेम काही कमी नव्हतं. मोदक तर पाण्यापेक्षा महागच. पण त्याच्या डोक्यातला कित्ता मोदकाचा, आणि राणी बोलत होती पाण्याबद्दल. राणी हसली. राजा शरमला, दार लावून बसला आणि शेवटी शिकायला तयार झाला. एक पंडित म्हणाले, सहा वर्षं लागतील. दुसरे शर्ववर्मा, ते म्हणाले सहा महिने. त्यातून 'कातंत्र' हे सुटसुटीत व्याकरण आलं, असं कथा सांगते.

मला यात मोठी वाटते ती राजाची लाज. समजलं नाही राजाला, आणि लाजलाही राजाच. आपल्या काउंटरवर काय होतं? मोसंबीवाला शेतकरी विचारतो, "साहेब, बाग तुटेपर्यंत हप्ता थांबंल का?" साहेब त्याला पुनर्रचनेचा इंग्रजी फॉर्म देतात. मोदकच तो! शेतकरी कागद उलटासुलटा करतो, ओशाळतो आणि "बरं, येतो" म्हणून निघतो. आतल्याला काहीच वाटत नाही.

लेजर गेलं, संगणक आला, ठीक. पण तो टाक बदलला, कित्ता तोच आहे. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर लाज कुणी बाळगायची, एवढं बदललं तर मी ग्रीक शब्दही आनंदानं मान्य करीन. पैठणला राजा लाजला म्हणून व्याकरण सोपं झालं. इथं शेतकरीच लाजतो, म्हणून फॉर्म आहे तसाच अवघड राहतो.