चर्च : ते, आम्ही की आपण?

नांदगावातील एका घरी आम्ही सांत्वनासाठी गेलो होतो. घरातील वृद्ध आजी आदल्या रात्री प्रभूच्या घरी गेल्या होत्या. आम्ही परगावी होतो. निरोप उशिरा मिळाला आणि पोहोचायला त्याहून उशीर झाला. त्यांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "फादर, आई गेली तेव्हा चर्चमधून कोणीच नव्हतं."

आम्ही ते बोल मुकाट्याने ऐकून घेतले, कारण आमच्यापुरते ते खरेच होते. मागाहून कळले, की त्या रात्री धर्मग्रामातील पाच-सहा कुटुंबे त्या घरी जागत बसली होती. कोणी रोझरी सांगितली, कोणी आजींचे ओठ पाण्याने ओले केले, तरुण मुले पहाटेच कबर खणायला गेली. मग चर्चमधून आले नव्हते ते कोण?

आपल्या बोलण्यात हा एकच शब्द निरनिराळी कामे करतो. 'चर्चला रंग द्यायला हवा' म्हणतो तेव्हा आपल्या मनात इमारत असते. 'चर्चला उशीर झाला' यात मिस्सा असते आणि 'चर्चची परवानगी नाही' यात बिशप व धर्मगुरू. माणसांचा समुदाय हा अर्थ मात्र आपल्या तोंडी क्वचितच येतो. आणि नव्या करारात नेमका तोच पहिला आहे.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'एक्क्लेसिया'. बोलावणे आल्यावर जमलेली माणसे, असा त्याचा अर्थ. अथेन्सच्या नागरिकांची सभा ह्याच नावाने ओळखली जाई. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिसमध्ये गोंधळ घालणाऱ्या जमावालाही हाच शब्द लावला आहे. चार शुभवर्तमानांपैकी केवळ संत मत्तयाच्या शुभवर्तमानात, १६व्या आणि १८व्या अध्यायांत, तो आढळतो. संत पौल अक्विला व प्रिस्किला यांच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्तसभेचा उल्लेख करतो; तिला ना घंटा होती, ना मनोरा.

शब्दांचा प्रवासही मोठा गमतीचा आहे. इंग्रजी 'चर्च' आला तो 'प्रभूचे' अशा अर्थाच्या दुसऱ्याच ग्रीक शब्दापासून, म्हणजे प्रभूच्या घरावरून. उलट 'एक्क्लेसिया'चा पोर्तुगीज वंशज 'इग्रेजा'. त्यापासून कोकणीत 'इगर्ज' आणि हिंदीत 'गिरजाघर' आले. माणसांसाठी जन्मलेला शब्द अखेरीस भिंतींना जाऊन चिकटला. आपण कॅथोलिक मराठीत 'ख्रिस्तसभा' म्हणतो, प्रॉटेस्टंट बांधव 'मंडळी' म्हणतात. सभा संपते आणि माणसे पांगतात. 'घरची मंडळी' मात्र पांगली तरी घरचीच राहतात. दोन्ही शब्द मनात एकत्र बाळगावेत असे आम्हांस वाटते.

'पॅरिश' हा शब्द तर आपल्या भागाला फारच जवळचा आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक 'पारोइकिया'चा अर्थ परक्या मुलखात बिऱ्हाड करून राहणे. दुष्काळाची सवय झालेल्या ह्या परिसरातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि फडाजवळ कोपी घालून राहतात. धर्मग्राम म्हणजे केवळ नकाशावरची हद्द असेल, तर ती कुटुंबे सहा महिने धर्मग्रामाबाहेर होतात. धर्मग्राम म्हणजे माणसे असतील, तर मात्र कोपीतही धर्मग्राम आहे आणि तिची खुशाली विचारणे हे आपले काम आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ५१५वे कलमही धर्मग्रामाची ओळख श्रद्धावंतांचा समुदाय अशीच करून देते.

हे सारे धर्मगुरूंना ठाऊक नाही असे नाही. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तसभेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात अधिकारपदांच्या आधी 'देवाची प्रजा' हे प्रकरण आहे. तरीही एक कबुली द्यायला हवी. वर्गणी मागताना आम्ही सांगतो, 'चर्च म्हणजे आपण सारे'. हिशेब विचारला की चर्च म्हणजे आम्हीच उरतो. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे असे ५३७वे कलम सांगते. ती नावापुरती ठेवणे म्हणजे शब्दाच्या अर्थाशी प्रतारणा करणे होय.

पण सोय एकाच बाजूने पाहिली जात नाही. 'चर्चने गरिबांसाठी काय केले?' असे विचारणारा श्रावक स्वतःला त्या वाक्याबाहेर ठेवतो. ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, त्याला हा प्रश्न स्वतःला वगळून विचारता येतो काय?

इंग्रजीला जे साधत नाही, ते येथे आपली मराठी साधते. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. धर्मगुरूंच्या तोंडी चर्च म्हणजे 'आम्ही' असते, श्रद्धावंतांच्या तोंडी ते 'ते' असते. ख्रिस्ताला अभिप्रेत असलेले सर्वनाम तिसरेच आहे. ते उच्चारायचे तर धर्मगुरूंना अधिकाराचा थोडा भाग सोडावा लागेल आणि प्रापंचिकांना तक्रारीचा.

आजींच्या महिन्याच्या मिस्सेला आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले : "बाळा, त्या रात्री चर्च तुमच्या घरी होतं. त्यातला एक जण मात्र उशिरा पोहोचला, त्याला क्षमा कर."