पदपथावरील माणसाचे म्हणणे



रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाकडे बोट दाखवून आपल्यापैकी काहीजण म्हणतात, "कष्ट नकोत, फुकटची जागा हवी." कोणी वडीलधारे "ज्याचे त्याचे प्रारब्ध" म्हणून मोकळे होतात. दीक्षा घेतलेल्या घरातही हा शब्द निघतो, याचे वाईट वाटते. बोलणारा दुष्ट असतो असे नाही. त्या छपराखालच्या माणसाला त्याने कधी काही विचारलेले नसते, एवढेच. पण न विचारता निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जुलै 1981 मध्ये मुंबईत पदपथांवरील झोपड्या पाडून माणसांना गाड्यांत भरून गावी धाडण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे या माणसांची हकीकत अधिकृत कागदावर आली. त्यांतील एक 1969 साली संगमनेरहून आलेला. गावी चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळत. गावचे घर म्हणावे असे जे होते ते कोसळले. मुंबईत तो महिना 350 रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने तेथल्या गुंडाला 300 रुपये मोजले आणि बांबू-प्लॅस्टिकला 700. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार! दुसरा तमिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळाने काम गेलेला. दहिसरच्या कारखान्यात त्याला रोज 23 रुपये मिळत आणि झोपडदादाने त्याच्याकडून 2,500 रुपये उकळले होते. फुकट म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

10 जुलै 1985 रोजी निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. ही माणसे गुन्हा करण्याच्या हेतूने नव्हे, नाइलाजाने तेथे राहतात, हेही मान्य केले. तरीपण पावसाळा संपल्यावर झोपड्या हटविण्यास मुभा राहिलीच.

आता प्रारब्धाचे. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त पाहा. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली, चोरीतून शस्त्रे व हत्या. तेथे गरिबाच्या मागल्या जन्मावर बोट ठेवलेले नाही, राजाच्या कारभारावर ठेवलेले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तर स्पष्टच म्हटले आहे की, गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही.

आणि बाबासाहेब स्वतः? 1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राला विचारले, एका ख्रिस्ती मित्राला विचारले, दोघांनीही टाळले. मुंबईची गाडी रात्री होती, तोवर ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. त्यांच्यात कष्टाची कमतरता होती काय? लायकीची होती काय? ही हकीकत त्यांनी आपल्या हाताने लिहून ठेवली, 1990 साली ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने छापली गेली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला नुसत्या वर्णनाने कळत नाही, घडलेले प्रसंग सांगावे लागतात, असे त्यांना वाटले. बॅरिस्टराला जे सांगावे लागले ते संगमनेरच्या कामगारालाही सांगावे लागले.

सांगणे सोपे नसते. आपली फजिती चारचौघांत उघडी करावी लागते, म्हणून न सांगण्याचाही त्याला अधिकार आहे. त्याच्या दुःखाचा तमाशा करून भाषणात टाळ्या घेणारे पुढारी आपल्यातही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे आपलेच लाखो लोक दादरच्या पदपथांवर निजतात. त्यांच्याविषयी "घाण करतात, फुकट प्रवास करतात" हे बोल आपण ऐकले आहेत आणि चिडलोही आहोत. तेच बोल आपल्या ओठी कसे आले?

वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारापुढे खीरदान होते. पदपथावरच्या मुलांनाही वाटीभर खीर मिळते. त्यांच्या आईबापांना आत वंदनेला, आपल्या शेजारी सतरंजीवर बसायला कोणी बोलावते काय, हे येत्या पौर्णिमेस पाहावे.