नाती सांभाळायची कोणी?

चाकूर तालुक्यातली तरुण मुलं शिकायला लातूरला आणि कमवायला पुण्याला जातात. मागे आईवडील उरतात, आणि काही वर्षांनी बहुधा एकटी आई. नवरा वयानं मोठा, शिवाय बाईचं आयुष्य जास्त. 2011च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या जवळजवळ निम्म्या स्त्रिया विधवा होत्या, तर पुरुषांत साधारण सातांतला एक विधुर होता. म्हणून एकटेपणा हे म्हातारीचंच दुःख, असं आपण धरून चालतो. पण जगभरातल्या सुमारे 4 लाख लोकांवरचे अभ्यास एकत्र करून 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात स्त्रीपुरुषांच्या एकटेपणात सरासरीनं जवळपास फरक आढळला नाही. ‘एकटं वाटतं का?’ असं थेट विचारलं, तर पुरुष बहुधा नाकारतात. मनातलं कुणाला सांगता, असं आडून विचारलं की त्यांचाही कोंडमारा दिसू लागतो.

दोघांच्या दुःखाचं मूळ मला एकाच वाटणीत दिसतं. शेत, पैसा, चारचौघांतलं स्थान पुरुषाकडे. पाहुणेरावळे, लेकीबाळी, सोयरीक, विचारपूस बाईकडे. नवरा गेला की तिच्या हातून घराचा कारभार जातो आणि हळदीकुंकवातली जागाही जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडला 2022मध्ये विधवाप्रथांविरुद्ध ग्रामसभेचा ठराव करावा लागला, यावरून ही वागणूक किती मुरलेली आहे ते कळतं. उलट बायको गेली की पुरुषाकडे सातबारा राहतो, पण मुलीला फोन करून काय बोलायचं ते त्याला सुचत नाही. इतकी वर्षं ते बोलणं बायकोनंच केलेलं असतं. जोडीदाराच्या मृत्यूनंतर पुरुषांची तब्येत स्त्रियांपेक्षा जास्त ढासळते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे भरलं घर आहे, नातवंडं आहेत, भजनी मंडळ आहे. एकटेपणा हे शहरांचं दुखणं. पण सोबत राहणं वेगळं, सोबत असणं वेगळं. लसूण सोलायला आणि नातू सांभाळायला आजी लागते, मात्र शेत विकायचं ठरतं तेव्हा तिला विचारतात का? आणि पुरुषांना गप्पांसाठी गावचा पार आहे, हेही खरं. तिथं पाऊस, सोयाबीनचा भाव, निवडणूक, सगळं निघतं. रात्री झोप येत नाही, हे निघत नाही. गुडघे गेले की पारही दूर होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुरुषाचं दुःख विधवेच्या दुःखाशेजारी मांडलं तर तिच्यावरचा अन्याय सौम्य वाटेल. ही भीती रास्त आहे. तिच्या वाट्याचं लोकांनी हिरावून घेतलेलं असतं, त्यानं बरंचसं स्वतः शिकायचं टाळलेलं असतं. दोन्ही पारड्यांत सारखा दोष घालता येणार नाही. म्हणून तिला आधी हक्क हवेत: घरावर नाव, कार्यात मान, निर्णयात शब्द. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये औषधाला उपयोगी पडतात. पण घरातली ही जागा ते पैसे देऊ शकत नाहीत. पुरुषानं मात्र चाळिशीतच बहिणीला स्वतः फोन लावायला, आजारी मित्राजवळ बसायला लागावं, बायको धडधाकट असतानाच.