वाणीचं तप आणि मामांचा एक प्रश्न



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५.

या श्लोकात भगवंत वाणीचं तप सांगतात. भावार्थ साधा आहे. ऐकणाऱ्याच्या मनात उगाच क्षोभ न उठवणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि सोबत स्वाध्यायाचा सराव, हे सगळं मिळून वाणीचं तप होतं. शाळेत असल्यापासून हा श्लोक मला पाठ आहे. अर्थ मात्र थोडाफार कळला तो एका निवडणुकीत, आणि तोही स्वतः चुकल्यावर.

नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. मी मूळचा नांदेडचा, नोकरी पुण्यात. विधानसभेचा प्रचार जोरात होता. एका रात्री टीव्हीवरच्या चर्चेत एका प्रवक्त्यानं समोरच्याला असं काही गप्प केलं की मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. पक्ष कोणता ते सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही. चार मिनिटांची ती क्लिप मी घरच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "याला म्हणतात उत्तर!" आमचा मामेभाऊ दुसऱ्या पक्षाचा. त्याला चिमटा बसावा, ही इच्छा त्यात होतीच. खोटं कशाला बोलू?

सकाळी मामांचा फोन आला. मामा लातूर ग्रामीणमधले, रेणापूरजवळ शेती, घरात सोयाबीन पडून. म्हणाले, "बापू, क्लिप बघितली. लई जोरात बोलला गडी. पण ओलाव्याचं काय म्हणला ते?"

मी ती क्लिप तीनदा ऐकली होती. चर्चेचा विषयही सोयाबीनचा भाव हाच होता. तरी मला उत्तर देता येईना. पुन्हा लावून ऐकली. टोमणा होता, कोटी होती, आवाजाचा चढउतार होता. ओलाव्याबद्दल एक शब्द नव्हता.

शहरातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याहून खाली होता. सरकारी खरेदी केंद्रावर माल घ्यायचा तर दाण्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागायचा. अशा अटीत माल परत येतो, मग शेतकरी मिळेल त्या भावानं विकून मोकळा होतो. नोव्हेंबरच्या मध्यावर ही मर्यादा १५ टक्के झाली. प्रचारात मात्र एकीकडून सहा हजारांचा आकडा यायचा, दुसरीकडून सात हजारांचा. मामा म्हणाले, "आकडा मोठाच आहे. पण घेणार कोण, कधी, आणि कसल्या मालाला, ते कुणी सांगंना."

इथं माझा एक समज गळून पडला. मला वाटायचं, टोमणे म्हणजे नुसती शैली आणि आकडे म्हणजे आशय. पण आकडाही टाळीसाठी फेकता येतो. "कसं करणार" हे सोबत नसेल तर सात हजार हीसुद्धा एक कोटीच.

मग रंगवून बोलणं वाईट का? तसं म्हणणं सोपं आहे, पण श्लोक तसं म्हणत नाही. त्यात 'प्रिय' हा शब्द आहेच. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. बाभळगावच्या सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेले विलासराव देशमुख सभा कशी हसवत-खेळवत बांधून ठेवायचे, हे आजही घराघरात सांगतात. लोक ऐकायला बसलेच नाहीत तर हिताची गोष्ट पोचणार कशी? पण तोच आवाज, तेच शहर, आणि १९९५ ला त्याच लातूरनं त्यांना पाडलं. १९९९ ला परत निवडून दिलं आणि ते मुख्यमंत्री झाले. म्हणजे लोक भाषणाला हसतात, दाद देतात, आणि मत देताना आणखीही काही बघतात.

नांदेडचं उदाहरण याच्या उलट. शंकरराव चव्हाण. शिस्त इतकी कडक की लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणायचे. सभा हसवणारे म्हणून त्यांची ख्याती नव्हती. पण जायकवाडीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा, आणि विष्णुपुरीच्या ज्या जलाशयाचं पाणी नांदेड शहर पितं त्याला शंकरसागर म्हणतात. आमच्या भागात भाषण किती रंगलं हे त्याच रात्री कळतं; त्यात काय होतं ते कळायला उन्हाळे जावे लागतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर घेऊन. तोवर लातूरकरांनी पाण्यावर कितीतरी भाषणं ऐकली असतील!

तरीही रुक्षपणा म्हणजे आशय असं नाही, आणि कडक बोलणं म्हणजे क्षोभ असंही नाही. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच भगवंत अर्जुनाला चांगलं खडसावतात. फरक पुढे आहे. खडसावून ते थांबत नाहीत, समजावत राहतात. आणि अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात भगवंत निर्णय ऐकणाऱ्यावर सोडतात! वादविवादाची याहून मोठी कसोटी मला माहीत नाही. बोलणं संपल्यावर ऐकणारा विचार करायला मोकळा झाला, की नुसता पेटला?

आता आपली बाजू. गीता हा संवाद आहे, आणि त्यात अर्जुन नुसता मान डोलावत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो म्हणतो की तुझं बोलणं ऐकून माझा गोंधळ होतोय, एक काय ते नक्की सांग. पाचव्याच्या आरंभी पुन्हा तेच विचारतो. म्हणजे श्रोत्याचा प्रश्न वक्त्याला आशयाकडे ओढून आणतो. मामांनी तेच केलं. मी मात्र टाळी वाजवून क्लिप पुढे ढकलली. वक्त्यांना आपण नावं ठेवतो, पण शेअर आपणच करतो ना? जे पुढे जातं तेच उद्या पुन्हा बोललं जातं. श्लोकातला स्वाध्याय मला इथे दिसला. ग्रंथाचा अभ्यास तर आहेच, पण तोंड उघडण्याआधी, फॉरवर्ड करण्याआधी, विषय समजून घेणं हेही त्यातच बसतं.

आणि "मतदाराला काय कळतं" असं म्हणू नका. २० नोव्हेंबरला नांदेडला विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूकही होती. मी रात्रीच्या गाडीनं जाऊन मत दिलं. एकाच केंद्रावर दोन यंत्रं. त्या लोकसभा क्षेत्रातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीला गेल्या, आणि लोकसभा काँग्रेसनं १,४५७ मतांनी राखली. हजारो लोकांनी एकाच रांगेत उभं राहून दोन वेगळे विचार केले. त्याआधी २०१९ ला मामांच्या लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतांनी. त्याची कारणं ज्यानं त्यानं आपापली सांगितली. मला एवढंच दिसतं की इतके लोक घरून निघाले, रांगेत उभे राहिले, आणि कुणालाच हो म्हणाले नाहीत. नुसत्या आवाजावर भाळणारा माणूस असं करत नाही.

राहिला मामेभाऊ. माझ्या क्लिपनंतर तो ग्रुपमधून बाहेर पडला होता. मत देऊन आल्यावर मी त्याला फोन केला. म्हटलं, "दादा, चुकलं माझं. चिमटा काढायलाच टाकली होती." तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "जाऊ दे रे. आपलं सोयाबीन पास झालं का ते विचार की आधी." मग आम्ही अर्धा तास ओलाव्यावर बोललो. तो अजून त्याच्याच पक्षाचा आहे, मी माझ्या. ग्रुपवर मात्र परत आलाय.

आजचा संकल्प : एखादं भाषण, एखादी क्लिप आवडली की पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारायचं, "यात ओलाव्याचं काय म्हणला?" उत्तर सापडलं तर जरूर पाठवा. नाही सापडलं तर बोट आवरा. तेवढं तपही आजच्यापुरतं पुष्कळ आहे.

राम कृष्ण हरी.