उंदराची नोंद

घरात सापळा लावताना आपण उंदराची कीव करीत नाही. पण आपल्या रोगांचा शोध लागावा म्हणून ह्या मुक्या जिवाला मुद्दाम रोगी करणे योग्य आहे काय?

अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत 1949 साली एक अतिलठ्ठ उंदीर आढळला. त्याच्या बिघडलेल्या जनुकाचा उलगडा 1994 साली झाला, आणि भूक आवरणारे लेप्टिन हे द्रव्य माहीत झाले. ज्या थोड्या मुलांच्या अंगात ते जन्मतःच नसते, त्यांना पुढे त्याचेच औषध मिळाले. तेव्हा गरज असल्यास योग्य, असे आम्ही म्हणतो. मात्र म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळावीच.

त्याच प्रयोगशाळेत उंदरांच्या जनुकांची नोंदवही संगणकावर ठेवतात. जाणकार माणसे शोधनिबंध वाचून कोणत्या वाणात कोणते जनुक बिघडले, माणसाच्या कोणत्या रोगाशी त्याचे साम्य आहे, हे पडताळून लिहितात. काम मुनीमकीचे दिसते खरे! पण नोंद चुकली, किंवा कोणी पाहिलीच नाही, तर तोच प्रयोग पुन्हा होतो आणि तेच मरण पुन्हा घडते. ते मरण गरजेचे नव्हे, आळसाचे होय.

ही वही कोणालाही विनामूल्य पाहता येते. प्रयोगास परवानगी देणाऱ्यांनी पहिल्याने एवढेच विचारावे : तुम्ही ती पाहिली काय?