ओसरलेली वासना आणि वैराग्य

पुरुषाच्या शरीरातले टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्क्याने उतरत जाते. हे संप्रेरक मुख्यतः वृषणांतल्या लायडिग पेशींत तयार होते. ते किती तयार व्हावे हे मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि त्याच्या हाताखालची पियुषिका ग्रंथी ठरवतात. वयाबरोबर वृषण आणि मेंदू या दोन्ही ठिकाणचे काम मंदावते. त्यातच टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारे एक प्रथिन रक्तात वाढते, त्यामुळे पेशींच्या उपयोगी पडणारा मोकळा अंश एकूण प्रमाणापेक्षाही लवकर घटतो. स्त्रीच्या रजोनिवृत्तीसारखा ठळक टप्पा इथे नसतो. उतार इतका संथ असतो की कित्येकांना तो जाणवतही नाही. सुटलेले पोट, मधुमेह आणि अपुरी झोप यांनी तो तीव्र होतो. उतार बहुतेकांच्या वाट्याला येतो, आजार मात्र थोड्यांच्याच. युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, कमी पातळी आणि तिच्याशी जोडलेली लैंगिक लक्षणे असे दोन्ही निकष लावल्यावर जेमतेम दोन टक्के पुरुष त्यांत बसले.

कामेच्छा मंदावणे हे या उताराचे सर्वांत परिचित लक्षण. धर्मविचारापुढे त्यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. ज्या वासनेवर ताबा मिळवण्यासाठी व्रते, नियम आणि तपे सांगितली, ती ग्रंथींचा स्राव घटल्याने आपोआप ओसरली, तर त्या ओसरण्याला वैराग्य म्हणावे का? पन्नाशीतल्या गृहस्थाचे मन संसारातून उडाले, तर ती साधनेची कमाई की वयाचा परिणाम?

मनुस्मृतीला या दोहोंत विरोध दिसत नाही. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड दिसले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे तिच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. वानप्रस्थाची वेळ इथे शरीरच कळवते. शरीराच्या उताराशी झगडण्यापेक्षा त्याच्या वेगाने आयुष्य मांडण्याची ही रीत व्यवहारी आहे. पण तिने वेळ ठरते, अधिकार ठरत नाही. केस पिकलेला प्रत्येक जण विरक्त झाला, असे मनूही म्हणत नाही.

हा फरक नेमका टिपला आहे गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने. इंद्रियांना विषय मिळेनासे केले की ते दूर होतात, पण त्यांची गोडी आत उरते, आणि तीही जाते ती परतत्त्वाच्या दर्शनाने, असा तिथला विचार आहे. तिथले उदाहरण उपवास करणाऱ्याचे आहे. उतारवयातल्या पुरुषाला ते तंतोतंत लागू पडते. स्राव घटला म्हणजे इंद्रियांची भूक कमी झाली. आठवणी, मत्सर, आपण अजून कुणाला हवेसे वाटतो का ही टोचणी, हे सारे जागच्या जागी असू शकते. पतंजलीनेही वैराग्य म्हणजे तृष्णेवरचे स्वामित्व असे सांगितले. मागणेच थांबले तर स्वामित्व गाजवायचे कशावर? ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय तर ज्ञानी पुरुषाकडून तारुण्यातच येणाऱ्या जरेचा विचार अपेक्षितो. स्वतः ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली ती ऐन तारुण्यात, परंपरेने मानलेल्या एकविसाव्या वर्षी. तिथे वय किंवा ग्रंथी यांचे श्रेय शोधायला जागाच नाही.

ग्रीकांनीही हा प्रश्न हाताळला होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या आरंभी म्हातारा केफलॉस नाटककार सोफोक्लीसची आठवण सांगतो: वासनेच्या तावडीतून सुटल्याचा त्याला आनंद झाला होता, जणू वेड्या धन्याच्या चाकरीतून मोकळे व्हावे. हा दाखला नेहमी दिला जातो; केफलॉसने पुढे काढलेला निष्कर्ष मात्र बहुधा गाळला जातो. म्हातारपण सुखाचे की दुःखाचे हे वयावर नव्हे तर स्वभावावर अवलंबून असते, असे त्याचे म्हणणे आहे. ॲरिस्टॉटल सवयीवर भर देतो. वाईट इच्छांशी झगडून सावरणाऱ्यापेक्षा, ज्याच्या मनात त्या उठतच नाहीत तो त्याच्या मते वरचा. वरवर पाहता याने उतारवयाची बाजू बळकट होते. पण सद्गुण निसर्गाने मिळत नाही, सरावाने अंगी येतो, हेही त्याचेच मत. म्हणून केवळ स्राव घटल्याने इच्छा नाहीशी झालेल्याला त्याच्या हिशेबात संयमी ठरवता येत नाही.

शिवाय हा उतार शांती आणतोच असे नाही. टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी झालेल्या पुरुषांत थकवा, चिडचिड आणि उदासी आढळते. त्या अवस्थेत जग नकोसे वाटले तर ते विरक्तीपेक्षा खिन्नतेच्या अधिक जवळचे. स्मशानवैराग्यावर हसणारी परंपरा अशा वैराग्यालाही सहज भुलली नसती.

मात्र शरीर हुकूम सोडते आणि मन तो पाळते, एवढे साधे चित्र धरणेही चूक. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे तरुणांचा काही वर्षे पाठपुरावा करून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा अधिक उतरले होते, आणि रोज मुलांच्या संगोपनात वेळ देणाऱ्यांचे सर्वांत कमी होते. म्हणजे जगण्याची रीतही संप्रेरके बदलते. एखाद्याचे शांतपण त्याच्या रक्तातल्या आकड्याशी जुळले, तरी श्रेय आकड्याचे की ज्या जगण्याने तो आकडा घडला त्याचे, हे त्या जुळण्यावरून ठरत नाही. आपल्याकडच्या गृहस्थाश्रमी संतांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. त्यांचे वैराग्य संसार टाकून आलेले नव्हते.

उरतो उपचाराचा प्रश्न. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले आणि महाभारताच्या आदिपर्वातल्या ययाती राजाची तारुण्याची मागणी औषधाच्या कक्षेत आली. ययातीला जरा आली ती शुक्राचार्यांच्या शापाने; शरीर थकले, वासना तशीच राहिली. पुरू या मुलाने दिलेले तारुण्य हजार वर्षे भोगूनही ती शमली नाही, तेव्हा त्याने ते परत केले. या कथेवरून उपचारच निषिद्ध ठरवणे घाईचे होईल. काम हा गृहस्थाचा पुरुषार्थ आहे, आणि रक्ततपासणीत कमतरता सिद्ध झालेल्या पंचेचाळिशीतल्या माणसाचा उपचार मधुमेहाच्या उपचाराहून वेगळा मानण्याचे कारण नाही. वयानुसार आलेला सामान्य उतार पुसून टाकण्याचा हट्ट ही मात्र वेगळी गोष्ट. पासष्टी ओलांडलेल्या, पातळी कमी असलेल्या पुरुषांवरच्या अमेरिकेतल्या चाचण्यांत, २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, कामेच्छा थोडी वाढली. अंगातली तरतरी म्हणावी तशी वाढली नाही. ययातीचा दोष तारुण्य हवेसे वाटण्यापेक्षा त्याची किंमत मुलाकडून वसूल करण्यात अधिक होता. इथे ती घेणाऱ्याच्याच शरीराला मोजावी लागते: बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पियुषिकेचे संदेश थांबतात, वृषणांचे स्वतःचे उत्पादन मंदावते आणि शुक्रजंतू घटतात.