येतो!

माणसाला जन्माला येताना व्हिसा लागत नाही आणि शेवटचा प्रवास करताना पासपोर्ट लागत नाही. मधल्या काळात मात्र तो जरा लांब जायला निघाला, की हे दोन्ही कागद आडवे येतात. साठी उलटेपर्यंत मला याचा पत्ता नव्हता. विट्यातल्या मास्तराची धाव सांगली-कोल्हापूरपर्यंत, आणि एस.टी.चा कंडक्टर सुटे पैसे मागतो, जन्मदाखला मागत नाही.

पण मुलगा परदेशात, सूनबाईंना सातवा महिना, आणि इकडे आमच्या हिने डिंकाचे लाडू करायला घेतले. म्हणजे जाणे आलेच. (कोणत्या देशात, ते सांगत नाही. पुन्हा अर्ज करायचा आहे.)

पहिली अडचण जन्मस्थानाची. माझा जन्म १९५६चा. दाखल्यावर जिल्हा लिहिलाय 'दक्षिण सातारा'. खिडकीतल्या मुलीने विचारले, "सर, हा जिल्हा कुठं आहे?"

"होता," मी म्हणालो.

१९४९ साली तो साताऱ्यातून वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. माझे वडील एकाच घरात, एकाच बाजेवर झोपून सातारा, दक्षिण सातारा आणि सांगली असे तीन जिल्हे राहून आले. कुणी त्यांना कागद विचारला नाही. ते जागेवरच होते, हद्दच त्यांना ओलांडून गेली.

मग चौकशीला हवालदार आला. तो माझाच विद्यार्थी निघाला. मला वाटले, काम झाले. पण तो म्हणाला, "सर, शेजारचे दोन साक्षीदार पाहिजेत."

"अरे, तू मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखतो सर. तीन वर्षं छड्या खाल्ल्यात तुमच्या. पण छडीचा पुरावा धरत नाहीत."

असो. पासपोर्ट आला. त्याच्या आत चक्क राष्ट्रपतींच्या नावाने विनंती छापलेली असते, की या गृहस्थाला बिनअडथळा जाऊ द्यावे आणि लागेल ती मदत करावी. माझ्याबद्दल इतके चांगले आमच्या हेडमास्तरांनीही कधी लिहिले नव्हते. ते पान मी हिला दोनदा वाचून दाखवले. व्हिसाच्या खिडकीवर मात्र ते पान कुणी उघडत नाही.

तसे हे प्रकरण फार जुने नाही. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बहुतेक ठिकाणी लोक पासपोर्टशिवाय हिंडत. युद्धात हेरांच्या भीतीने कागद आले. युद्ध संपले, तेव्हा ते जावेत अशी अपेक्षा होती. पण १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून पासपोर्ट कसा असावा हेच ठरवून टाकले. पुढे राष्ट्रसंघ गेला, पासपोर्ट राहिला. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा घरजावई होतो, त्यातलाच प्रकार.

आता त्या खिडकीकडे येतो. साहेबाने विचारले, "कशाला जायचंय?"

"नातवंड व्हायचंय."

"परत याल कशावरून?"

मी पिशवी उघडली. सातबारा, घरपट्टीची पावती, पेन्शनचे पुस्तक, ठेवींच्या पावत्या, आणि हिच्या आग्रहाखातर, दारात गाय उभी असलेला घराचा फोटो. त्याने पिशवीकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मुलगा किती वर्षं तिकडे आहे?"

"अकरा."

"गेला होता किती वर्षांसाठी?"

ज्या माणसाने जन्मभर 'नेहमी खरे बोलावे' फळ्यावर लिहिले, त्याचे तोंड ऐन वेळी दुसरे काय बोलणार? म्हणालो, "दोन."

नातू झाला. आम्ही तो फोनच्या पडद्यावर पाहिला. लाडू मीच संपवले.

परतीच्या गाडीत मी फार संतापलो होतो. अहो, परत येण्याचा पुरावा तुम्ही कुणाकडे मागता? आमच्या तालुक्यातली दुष्काळाने बाहेर काढलेली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर गेली. भाषा येत नाही, ओळख नाही, अशा मुलखात दुकान थाटून बसली. तिथले सराफ आपले सोने त्यांच्या मुशीत टाकतात. वितळलेले सोने कुणाचे, हे सोने सांगत नाही. माणसालाच सांगावे लागते. आणि त्यांनी ते चोख सांगितले, म्हणून धंदा टिकला. जत्रेला ही माणसे झाडून गावी येतात.

शिवाय आमच्या शेजारच्या आटपाडीला स्वतंत्रपूर आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या गृहस्थाच्या कल्पनेतून, १९३९ साली तिथे बिनभिंतीचा तुरुंग निघाला. कैद्यांनी शेती करायची, बायकापोरांसह राहायचे, पळायचे नाही. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच निघाला. म्हणजे इथे शिक्षा झालेल्या माणसावर विश्वास टाकला, आणि तिथे निवृत्त मास्तरावर नाही! अमेरिकेच्या कायद्यात तर लिहूनच ठेवले आहे, की पाहुणा म्हणून येऊ पाहणारा कायमचाच राहायला येतोय असे धरून चालावे. तसे नाही हे त्याने सिद्ध करावे. बाकीचे देश लिहीत नाहीत, नुसते धरून चालतात.

असे मनातल्या मनात भाषण ठोकत विट्यात उतरलो. घराकडे चालताना वाटेत गलाईवाल्यांचे बंगले लागले. संगमरवरी पायऱ्या, आणि दाराला कुलपे. जत्रा झाली, की पुन्हा वर्षभर कुलूप. आणि आमच्या वरच्या मजल्याची मुलाची खोली? तिलाही कुलूपच होते. साहेबाने मला विचारलेला प्रश्न मी स्वतः नऊ वर्षे मनात बाळगून होतो. फक्त मुलाला विचारायचा धीर झाला नव्हता.

ती खोली शेवटी भाड्याने द्यायची ठरली. यंत्रमागावर काम करणारा उत्तर प्रदेशातला एक पोरगा आला. मी त्याच्याकडे आधारकार्ड मागितले, मालकाची चिठ्ठी मागितली, ओळखीचे दोघे मागितले. करार अकरा महिन्यांचा. आणि मग माझ्या तोंडून गेले, "अकरा महिन्यांनी खोली सोडशील कशावरून?"

तो गोंधळला. "घरपे माँ है, बाबूजी," एवढेच म्हणाला.

आतून हिचा आवाज आला, "अहो, घरपट्टीची पावती आणि गाईचा फोटोपण मागून घ्या!"

मी गप्प बसलो. दाराला कडी असावी, याबद्दल माझी आजही तक्रार नाही. 'तू कोण?' हा प्रश्न रास्त आहे, आणि कागद त्याचे उत्तर देऊ शकतो. पण 'तू जाशील का, परत येशील का?' याला जगात कागद नाही. ते उत्तर खुद्द त्या माणसालाही ठाऊक नसते. तिथे समोरच्याने थोडी जोखीमच घ्यायची असते. आपल्याकडचा सराफ घेतो तशी, औंधच्या राजाने घेतली तशी.

खोली त्याला दिली. दिवाळीनंतर तो छठपूजेला गावी निघाला, आणि दारात उभा राहून नव्या मराठीत म्हणाला, "सर, जातो."

ही लगबगीने बाहेर आली. "जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं."

"येतो," तो म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वी विट्याच्या स्टँडवर मुलगाही हेच म्हणाला होता. तेव्हाही आम्ही पुरावा मागितला नव्हता.